नऊ जणांत एकटे : न्यायमूर्ती हिदायतुल्ला

कोर्ट म्हटले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आधी आठवते ती तारीख. धुऱ्याचा वाद, वाटणीचा दावा, वकिलाची फी आणि एस. टी. चे भाडे, एवढीच त्याची न्यायालयाशी ओळख. त्यापलीकडे न्यायासन म्हणजे काय, हे ज्यांच्या जीवनावरून कळते त्यांत न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांचे नाव घ्यावे लागेल. ते आपल्याला परकेही नाहीत. १९५६ पर्यंत वऱ्हाडातील अपिले नागपूरच्या हायकोर्टात जात, आणि त्या हायकोर्टाचे ते शेवटचे मुख्य न्यायाधीश होते.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी बैतूल येथे झाला. वडील सरकारी अधिकारी आणि उर्दूचे कवी, आजोबा बनारसचे वकील. म्हणजे विद्या त्यांच्या घरात आधीपासूनच नांदत होती. रायपूरला शालेय शिक्षण, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९२६ साली पदवी, पुढे केंब्रिज आणि बॅरिस्टरी. १९३० साली ते नागपूरला परतले व वकिली करू लागले. जोडीला विधि महाविद्यालयात त्यांनी काही वर्षे अध्यापनही केले. १९४३ मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे अॅडव्होकेट जनरल झाले, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि डिसेंबर १९५४ मध्ये, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधीच, मुख्य न्यायाधीश.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, नागपूरची राजधानी गेली आणि हायकोर्टही गेले. मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ तेवढे नागपूरला राहिले. हिदायतुल्ला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. तेथून १ डिसेंबर १९५८ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात आले व १६ डिसेंबर १९७० पर्यंत, सलग बारा वर्षे, तेथे राहिले.

या बारा वर्षांतला एक खटला मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुंबईच्या एका बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांत छापू नये, असा आदेश हायकोर्टाने दिला. मिरजकर नावाचे बातमीदार त्याविरुद्ध दिल्लीला गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला. अध्यक्षस्थानी साताऱ्याचे गजेंद्रगडकर होते. न्यायाधीशाच्या आदेशाने नागरिकाचा मूलभूत हक्क भंग पावत नाही, असे बहुमत पडले. एकट्या हिदायतुल्लांनी वेगळे लिहिले. न्यायाधीशही राज्यसत्तेचाच भाग आहे, त्याच्या हातूनही हक्क मोडू शकतो, असा त्यांचा आशय होता. स्वतः न्यायासनावर बसून त्या आसनालाही मर्यादा आहे असे म्हणायला केवढे धैर्य लागत असेल!

संसदेने मूलभूत हक्कांत वाटेल तो बदल करावा काय, याविषयीही त्यांनी १९६४ साली सज्जनसिंग खटल्यात शंका घेतली. तशीच शंका घेणारे दुसरे न्यायमूर्ती होते ज. र. मुधोळकर, अमरावतीच्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे चिरंजीव. या दोघांनी विचारलेल्या प्रश्नाची वाट पुढे १९७३ च्या केशवानंद भारती निकालापर्यंत जाते.

२५ फेब्रुवारी १९६८ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. राष्ट्रपती झाकिर हुसेन निवर्तले, हंगामी राष्ट्रपती गिरी यांनी राजीनामा दिला, तेव्हा २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हे पस्तीस दिवस राष्ट्रपतिपदाचा भार त्यांनी वाहिला. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला याच काळात संमती मिळाली. तो कायदा पुढे न्यायालयात आला, तेव्हा निकाल देणाऱ्या अकरा न्यायमूर्तींत ते नव्हते. निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० ला, संस्थानिकांची मान्यता काढणारा राष्ट्रपतींचा आदेश न्यायालयाने रद्द ठरविला. त्या बहुमतात ते होते. कास्तकाराच्या पोराला संस्थानिकांच्या तनख्याचे काय कौतुक? परंतु एका हुकुमासरशी राजाचा हक्क जाऊ शकतो, तर तीन एकरवाल्याचा जायला कितीसा वेळ लागेल, हा विचार मनातून जात नाही. तनखे पुढे १९७१ साली रीतसर घटनादुरुस्ती करूनच गेले.

१९७९ साली ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पदे पुष्कळांना मिळतात. आम्ही पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुले मात्र चारचौघांत हात वर करायलाही बिचकतो. आठ विद्वान एका बाजूला असताना हिदायतुल्लांनी आवाज चढविला नाही. आपली कारणे नीट मांडली, सही केली आणि उद्याच्या वाचकावर विश्वास ठेवला. आपले म्हणणे एवढ्या शांतपणे मांडता आले, तरी शिकल्याचे सार्थक होईल.