जांभ्याचं बारसं करणारा डॉक्टर

कोकणात ट्रिपला गेल्यावर घरांच्या भिंतींत, गडग्यांत तो भोकाभोकांचा लालसर दगड बघितलाय ना? तोच आपला जांभा. जिऑलॉजीच्या पुस्तकात त्याला लॅटेराइट म्हणतात. हे नाव दिलं फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने.

१७६२ मध्ये जन्मलेला बुकॅनन एकविसाव्या वर्षी एडिंबराहून डॉक्टर झाला. काही वर्षं जहाजांवर डॉक्टरकी केल्यावर १७९४ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला. जीव मात्र झाडांत आणि माशांत रमलेला!

१७९९ मध्ये टिपू सुलतानचा पाडाव झाला. नव्या मुलखात पिकं काय, माती कशी, हे कंपनीला जाणून घ्यायचं होतं. ते काम १८०० मध्ये बुकॅननकडे आलं. म्हैसूर फिरून तो मलबारात, अंगडिपुरमला पोचला. तिथे जमिनीतली लाल माती लोखंडी हत्याराने सहज कापली जायची आणि हवेत वाळली की विटेसारखी टणक व्हायची. काही स्थानिक बोलींत तिला विटेचा दगडच म्हणत. बुकॅननने तेच नाव लॅटिनमध्ये नेलं. लातेर म्हणजे वीट, त्यावरून लॅटेराइट. १८०७ मध्ये ते छापून आलं.

हा दगड बनतो कसा, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी उलगडलं. उष्ण प्रदेशातला धो धो पाऊस खडकातली सिलिका, चुना हळूहळू धुऊन नेतो. मागे उरतं लोह आणि अॅल्युमिनियम. लाल रंग लोहाचा. हे फक्त खडकावरच होतं असं नाही. नद्यांनी आणून टाकलेला जुना गाळही असाच झिजून लाल होतो. बंगालच्या पश्चिम भागात हे दिसतं.

पुढे बुकॅननने गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिलं, ते १८२२ मध्ये आलं. रोहू, कटला यांची शास्त्रीय नावं त्याचीच, आणि तीही इथल्याच बोलीतून उचललेली. पण १८१५ मध्ये भारत सोडताना त्याने जमवलेली चित्रं सरकारने ठेवून घेतली. आयुष्यभराची मेहनत इथेच राहिली. १८२९ मध्ये तो गेला.

आज अंगडिपुरमला त्याचं स्मारक आहे. विटेचा दगड म्हणणाऱ्या त्या माणसांची नावं मात्र कुठेच नाहीत. पुढच्या वेळी जांभ्याच्या भिंतीसमोर सेल्फी काढाल, तेव्हा त्यांनाही आठवा!