कावसजीचं नवं नाक

मैत्रिणींनो, आपल्या बोलण्यात नाक किती वेळा येतं, कधी लक्ष दिलंय? कुणी घराण्याचं नाक कापतं, कुणी नाक मुरडतं, कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक पडलं, असंही आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाक म्हणजे अब्रू, हे मनात पक्कं बसलेलं. मग ज्याचं नाक खरोखरच कापलं गेलं, त्यानं तोंड कुठं दाखवायचं?

सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी ही वेळ कावसजी नावाच्या माणसावर आली. मराठा, शेतकरी जातीचा. जगभरातल्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत त्याचं नाव आहे. आपल्या घरांत मात्र ते फारसं पोचलं नाही.

कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी लढाई चालू होती. १७९२ मध्ये तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढं कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. पण पेन्शननं पोट भरतं, चेहरा परत येत नाही. वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. चार माणसांत बसताना, पाणवठ्यावर जाताना त्याला काय वाटत असेल, ते आपण बायका सहज समजू शकतो.

१७९३ मध्ये पुण्याजवळ त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. करणारा कुणी मोठा वैद्य नव्हता, विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस होता. हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सुश्रुताच्या ग्रंथातही नवं नाक करायची रीत सांगितलेली आहे, तिथं गालाची कातडी घेतात.

या कारागिराची रीत अशी होती. आधी मेणाचं पातळ नाक करून तुटक्या नाकावर बसवून बघायचं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्या कडेनं रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. ती का, हे आंब्याचं भेटकलम पाहिलेल्या बाईला लगेच कळेल. कलमाची फांदी मूळ झाडापासून लगेच तोडत नाहीत, जोड धरला की मगच तोडतात. तसंच इथंही, त्या पट्टीतून कातडीला रक्त मिळत राहायचं.

मग कातडी अर्धी वळवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी खाचेत बसवायची. वरून काय लावायचे? आपल्या पानाच्या डब्यातला कात! पाण्यात मऊ करून, कापडाच्या पट्ट्यांना लावून. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, म्हणजे भोकं बुजायची नाहीत. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची. भूल द्यायचं औषध येण्याआधीची ही गोष्ट, बरं का! कावसजीनं हे सगळं सोसलं.

त्याचं नवं नाक छान बसलं. जानेवारी १७९४ मध्ये जेम्स वेल्स नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १८१४ मध्ये तिकडं अशी शस्त्रक्रिया करून दाखवली. तिथून ही विद्या युरोपभर गेली. कपाळाची कातडी घेऊन नाक करायची रीत आजही वापरतात. छापून आलेल्या हकीकतीत बघणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, करणाऱ्या कारागिराचं मात्र नाही. घरात राबणाऱ्या बाईला यात नवीन काही वाटणार नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याकडची मिशरी आणि तंबाखू. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हटलं की बाईला मरणाआधी चेहऱ्याची भीती वाटते. जबडा काढतील, मग लोक काय म्हणतील? म्हणून गालाला पदर लावून ती दुखणं लपवते आणि त्यातच वेळ निघून जातो. अगं, आता पायाचं हाड घेऊन जबडा करतात, हाताची कातडी घेऊन गाल करतात. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं, तर लगेच दाखवा. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, २०१८ पासून जळगावलाही आहे. कॅन्सरच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, तिथं विचारा.

नाक गेलेला कावसजी पदराआड बसला नाही. चित्रकारासमोर सरळ बसला, कपाळावरच्या व्रणासकट. आपणही डॉक्टरसमोर तेवढा पदर बाजूला करू या.