घटनाकार बाबासाहेब आणि कायद्याची परीक्षा

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझं गाव ब्राह्मणपुरी, ता. शहादा. आमचा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. त्या धुळ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी कोर्टाच्या कामासाठी आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. अजूनही दरवर्षी त्या दिवशी तिथे गर्दी होते. एकदा मीही गेलो, आणि परत आल्यावर त्यांच्याबद्दल वाचायला लागलो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. १९१३ ला ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला शिकून बॅरिस्टर झाले. म्हणजे दोन्ही देश त्यांनी जवळून पाहिले. इंग्लंडमध्ये पार्लमेंट सर्वश्रेष्ठ, तिचा कायदा कोर्ट रद्द करू शकत नाही. अमेरिकेत करू शकतं, पण तो अधिकार तिथल्या घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही. १८०३ साली सुप्रीम कोर्टाने एका निकालात तो प्रस्थापित केला.

आपल्याकडे मात्र हे घटनेतच लिहिलं गेलं. कलम १३ नुसार मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो. कलम ३२ नुसार थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं, आणि तसं जाणं हाच एक मूलभूत हक्क आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले बाबासाहेब याच कलमाला घटनेचा प्राण मानत. का नाही मानणार? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला! कागदावरचा हक्क आणि हातात पडलेला हक्क यातला फरक त्यांनी स्वतः भोगला होता.

पण खरी कसोटी १९५१ ला लागली. मद्रासमध्ये मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा जाती-धर्मानुसार वाटल्या जात. सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. निकाल त्यांना पटला नाही, तसं ते संसदेत बोललेही. पण कोर्टाचा अधिकार त्यांनी काढून घेतला नाही. पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आलं आणि मागासवर्गीयांसाठी खास तरतूद करण्याचा रस्ता मोकळा झाला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. त्याच दुरुस्तीत नववं परिशिष्ट आलं, आणि त्यातल्या कायद्यांना कोर्टापासून संरक्षण मिळालं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. पुढे १९७३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घटनादुरुस्तीनेही घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही. २००७ ला तर त्या १९७३ च्या निकालानंतर परिशिष्टात टाकलेले कायदेही तपासायचं ठरलं.

अॅडमिशनच्या दिवसांत आपल्या होस्टेलवर रिझर्वेशनवरून केवढे वाद होतात! कधीकधी दोन रूम-पार्टनर आठवडाभर बोलत नाहीत. पण दोघांपैकी कोणालाही अन्याय झाला असं वाटलं, तर दोघांसाठी दार एकच आहे. ते दार घटनेत लिहून ठेवणारा माणूस आमच्या धुळ्याला येऊन गेला होता, याचा मला अभिमान वाटतो.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल