लिंकन यांची न्यायबुद्धी

अब्राहम लिंकन यांचा जन्म १८०९ साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. शाळा त्यांना फारशी लाभली नाही. तथापि वाचनाच्या बळावर ते वकील झाले आणि १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आरूढ झाले. त्याच वर्षी तेथे यादवी युद्ध पेटले.

१८६३ च्या मार्चमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. कोणत्या भागाने किती माणसे द्यावयाची, ते ठरले. स्वयंसेवक अपुरे पडत, तेथे चिठ्ठ्या टाकून माणसे निवडीत. तीनशे डॉलर भरणाऱ्यास मात्र सूट मिळे. म्हणून गरीब संतापले. आपल्याच वाट्याला अधिक भार आला, अशी तक्रार गावोगावी होऊ लागली. जुलैत न्यूयॉर्क शहरात दंगल उसळून शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

तेथील गव्हर्नर सेमूर यांनी भरती थांबविण्याचा आग्रह धरला. लिंकन यांनी तो मानला नाही, कारण रणांगणावरील सैनिकांना कुमक हवी होती. परंतु तक्रारीत तथ्य असेल, हे जाणून त्यांनी काही भागांचे आकडे कमी केले.

१८६५ च्या एप्रिलमध्ये, विजय दृष्टिपथात आला असतानाच, मारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा अंत झाला. मुलांनो, कर्तव्यात कठोर राहूनही दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकावे, हेच त्यांच्या चरित्रातून शिकावयाचे.