नोकरभरतीचे नियम आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील महाडचे तळे, येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षाभूमी हे प्रसंग आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतात. सरकारी नोकरीत कोणाला घ्यावे, कसे घ्यावे, याचे देशव्यापी नियम बदलण्यासाठी त्यांनी जो दीर्घ झगडा दिला, तो मात्र बहुतांशी फायलींत झाला आणि म्हणूनच कमी सांगितला जातो. त्यांच्या आयुष्यातील तेवढाच धागा आम्ही येथे हाती घेत आहोत.

गावगाड्यात महाराला चाकरी होती, नेमणूक नव्हती. वतनाच्या चाकरीला वेळेचे बंधन नव्हते, ठरलेला पगार नव्हता, नाही म्हणण्याची सोय नव्हती. जन्म हीच तिची भरती. या चाकरीतून बाहेर पडण्याची एक वाट लष्करातून जात होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला तो अशाच वाटेने पुढे आलेल्या कुटुंबात. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. परंतु त्याच दशकात महारांची लष्करभरती सरकारने बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज केले. एका सरकारी आदेशाने एका समाजाची वाट कशी बुजते, हे बाबासाहेबांच्या पिढीने घरातच पाहिले.

नियुक्तीपत्र हाती असूनही नोकरी मिळत नाही, हे त्यांनी १९१७ मध्ये बडोद्यास अनुभवले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेल्या या विद्वानाला संस्थानात मोठ्या हुद्द्यावर घेतले गेले. पण शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद टाकत, कचेरीत पाणी मिळत नसे आणि राहण्यास जागा मिळेना. ज्या पारशी पथिकाश्रमात ते उतरले होते, तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांची इच्छा चांगली होती. पण एका माणसाच्या सदिच्छेवर नोकरी टिकत नाही, तिच्यामागे नियम लागतो. आमच्या मते, पुढील सगळ्या झगड्याचे मूळ या थोड्या दिवसांत आहे.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. गोलमेज परिषदेत सेवाविषयक उपसमितीवर त्यांनी काम केले आणि सरकारी नोकऱ्यांतील योग्य प्रतिनिधित्वाची मागणी लेखी दिली. १९३२ च्या पुणे करारात त्याविषयी एक कलम आले. पण कलम म्हणजे केवळ आश्वासन होते. १९३४ मध्ये केंद्र सरकारने नोकऱ्यांचे प्रमाण ठरवले, त्यात मुस्लिमांना २५ टक्के आणि इतर अल्पसंख्याकांना ८.३३ टक्के जागा मिळाल्या. अस्पृश्यांसाठी निश्चित प्रमाण ठेवण्याचा काही उपयोग नाही, असे सरकारला वाटले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता ते सरकारच्या आत होते. ऑक्टोबरमध्येच त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन ठेवले. त्याचे फळ ऑगस्ट १९४३ च्या आदेशात दिसले. थेट भरतीच्या जागांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे बारा जागांमागे एक जागा, अनुसूचित जातींसाठी राखून ठेवण्यात आली. या आकड्याची चर्चा पुष्कळ होते. आम्हाला मात्र त्याच आदेशातील लहान कलमे अधिक बोलकी वाटतात. वयोमर्यादा तीन वर्षांनी वाढवली गेली. परीक्षेचे शुल्क एक चतुर्थांश झाले. तीन महिने वा अधिक काळ चालणाऱ्या तात्पुरत्या जागांनाही हा नियम लागू झाला. पात्रतेची किमान अट कायम राहिली.

मजुरी करीत उशिरा शाळेत गेलेला मुलगा पदवीपर्यंत पोहोचेतो त्याचे वय उलटून जाई. शुल्काची रक्कम एकरकमी भरणे ही त्याच्या घरची कित्येक दिवसांची मजुरी असे. आणि युद्धकाळात बहुतेक भरती तात्पुरती म्हणून होत असल्याने कायम जागांचा नियम कागदावरच राहिला असता. दरवाजा नेमका कोठे अडतो, हे ज्याने स्वतः अडून पाहिले आहे त्यालाच अशी कलमे सुचतात. जून १९४६ मध्ये प्रमाण १२.५ टक्क्यांवर, म्हणजे आठ जागांमागे एक, असे गेले.

जागा राखली तरी ती भरणारा पदवीधर हवा, हे त्यांनी फार आधी ओळखले होते. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले ते याच जाणिवेतून. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले गेले, म्हणजे कारकुनी करणाऱ्या तरुणाला कचेरी गाठण्यापूर्वी शिकता यावे.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी हा प्रश्न शासकीय आदेशातून उचलून राज्यघटनेत नेला. आदेश बदलता येतो, मूलभूत हक्क सहजी बदलत नाही. अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली आणि धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेद करण्यास मनाई केली. या यादीतील कूळ हा शब्द वाचताना आम्हाला वतनाची आठवण होते. त्याच अनुच्छेदात मागासवर्गांसाठी जागा राखण्याची मुभा आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर वाद झाला. राखीव जागा एकूण जागांपैकी अल्पसंख्य राहिल्या पाहिजेत, अन्यथा समान संधीचे मूळ तत्त्वच नाहीसे होईल, हे बाबासाहेबांनी त्या वेळी स्वतःच स्पष्ट केले. त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करणाऱ्यांनी ते भाषण वाचलेले नसते.

पुढील भाग आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता, आणि पंजाबातील काही शीख जातींपुरता, मर्यादित ठेवला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना या सवलती जातील याची बाबासाहेबांना जाणीव होती आणि लोकांनाही होती. तरीही लाखो माणसे आली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या; केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र अर्जावर बौद्ध लिहिणारा उमेदवार राखीव जागेला अपात्र ठरत राहिला. किती जणांनी नोकरी सोडून धम्म लिहिला, याची नोंद कोठल्याही कचेरीत नाही. १९९० मध्ये संसदेने तो आदेश दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. तेव्हा धम्मदीक्षेला चौतिसावे वर्ष चालू होते, आणि दीक्षाभूमीवर ज्यांनी तरुणपणी हात जोडले होते त्यांची सरकारी परीक्षेला बसण्याची वये केव्हाच उलटून गेली होती.