बोटाने अक्षर गिरवायला लावणाऱ्या ताराबाई मोडक

खानापूर : तालुक्यातल्या कुठल्याही गावात अंगणवाडी विचारली तर लहान पोरही वाट दाखवेल. हा शब्द रुजवणाऱ्या ताराबाई मोडक मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. माहेरचे आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्न झाले, मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. नोकरीसाठी त्या राजकोटला गेल्या. तिथे भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची माहिती मिळाली. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून पोरांत रमलेले. १९२३ च्या सुमारास ताराबाई हातची नोकरी सोडून त्यांच्याकडे गेल्या. लहान मुलगी पदरात असताना हे धाडसच म्हणायचे.

तिथे पद्धत होती इटलीच्या माँटेसरीबाईंची. खरखरीत कागदाची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवलेली. मूल त्यावरून दोन बोटे फिरवते, त्याच वेळी बाई त्या अक्षराचा उच्चार करतात, मग मूल करते. डोळा, कान, जीभ आणि बोट एकदम कामाला लागतात. लिहिण्याचे वळण हाताला आधी कळते, पेन्सिल नंतर येते. आपल्याकडची धुळाक्षरे याहून फार लांब नव्हती. पण पुढे शाळेत पाटी, घोकंपट्टी आणि छडीच उरली. इंग्रजीसारखे एका अक्षराचे चार उच्चार मराठीत नाहीत. आपली पोरे अडतात ती काना-मात्रा आणि जोडाक्षरांपाशी. तिथेही उच्चार कानावर नीट बसलेला असला तर काम हलके होते.

१९२६ मध्ये गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिका चालवली, पुढे दादरला शिशुविहार काढला. पण माँटेसरीची साधने महाग. ती शहरातल्या खात्यापित्या घरांनाच परवडणार, ही गोष्ट त्यांना डाचत होती.

म्हणून १९४५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. तिथे खरी परीक्षा झाली. बालवाडी उघडली तरी गरिबांची पोरे येईनात. कुणी धाकटे भावंड सांभाळी, कुणी गुरे राखी. मग ताराबाईंनी शाळाच पाड्यावर नेली, घरासमोरच्या अंगणात. हीच अंगणवाडी. शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. आधी अंघोळ, नखे कापणे, मग गाणी-गोष्टी आणि अक्षर त्यानंतर. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. पोरे घरी वारली बोलत, म्हणून सुरुवात त्यांच्याच ओळखीच्या शब्दांनी होई. घरी मराठी-कोकणी आणि बाजारात कन्नड ऐकणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. कोसबाडचा भार पुढे अनुताईंनी वाहिला. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि देशभर अंगणवाड्या निघाल्या. भाषेवरून इतकी वर्षे वाद चाललेल्या या सीमाभागात कन्नड पाटीवरसुद्धा ताराबाईंचाच शब्द आहे, फक्त 'ण' च्या जागी 'न'.