आवाज साठवणारा एडिसन

बालमित्रांनो, आणि आज शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, हल्ली घरोघरी मोबाइल आहे. काचेवर बोट टेकवले की गाणे सुरू! पण एकदा बोललेला आवाज पुन्हा ऐकू येईल, हे एके काळी कोणाला खरेसुद्धा वाटले नसते. ते प्रथम करून दाखवले थॉमस अल्वा एडिसन या शास्त्रज्ञाने. आणि नवल म्हणजे त्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते!

थॉमसचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. तो शाळेत जेमतेम काही महिने गेला. या पोराचे डोके ठिकाणावर नाही, असे गुरुजींचे मत पडले. त्याच्या आईला ते मुळीच पटले नाही. ती पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकवले. पुस्तकात वाचलेले करून पाहायचे, हे वेड त्याला तेव्हापासून लागले.

बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि गोळ्या विकू लागला. सामानाच्या डब्यातच त्याने प्रयोगाच्या बाटल्या मांडल्या. त्याला लहानपणापासून कमी ऐकू येई, आणि ते वाढतच गेले. १८६२ साली एका स्टेशनमास्तरांचे लहान मूल रुळांवर गेले होते. थॉमसने धावत जाऊन त्याला उचलले. त्या उपकाराची फेड म्हणून मास्तरांनी त्याला तारायंत्र शिकवले. त्यावर त्याचे पोट चालले आणि यंत्रांची ओळखही झाली.

पुढे १८७६ साली त्याने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा काढली. तिथे १८७७ साली फोनोग्राफ तयार झाला. तो कसा चाले, बरं का? एका नळकांड्यावर कथिलाचा पातळ वर्ख गुंडाळलेला असे. दांडा फिरवला की नळकांडे फिरे. समोरच्या पडद्याजवळ मोठ्याने बोलले की पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई वर्खावर लहानमोठे खळगे पाडी. मग दुसरी सुई त्या खळग्यांवरून फिरवली की तिला जोडलेला पडदा तसाच थरथरे आणि तोच आवाज बाहेर येई! एडिसनने त्यात कोकराचे एक बालगीत म्हटले. यंत्राने ते परत म्हणून दाखवले, तेव्हा तो स्वतःही चकित झाला.

१९ फेब्रुवारी १८७८ रोजी त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले. हे यंत्र पत्रे सांगून ठेवायला आणि अंधांना पुस्तके ऐकवायला उपयोगी पडेल, असे त्याने लिहिले. गाणी त्याच्या यादीत होती, पण पहिल्या जागी नव्हती. लोकांना मात्र गाणीच हवी होती!

मग तो विजेच्या दिव्यात गुंतला आणि फोनोग्राफ मागे पडला. दहा वर्षांनी त्याने मेणाच्या नळकांड्याचे सुधारलेले यंत्र काढले. तोवर एमिल बर्लिनर यांनी सपाट तबकडी शोधली होती. एका साच्यातून पुष्कळ तबकड्या निघत आणि त्या ठेवायला सोप्या असत. एडिसन मात्र बरीच वर्षे नळकांड्यालाच धरून बसला. १९१२ च्या सुमारास त्यानेही तबकड्या काढल्या, पण इतर लोक पुढे निघून गेले होते. अखेर १९२९ साली त्याच्या कंपनीने तबकड्या काढणे बंद केले.

तरी त्याची चिकाटी पाहा. गाणे नीट ऐकू येईना, तर तो यंत्राच्या लाकडात दात रोवायचा. लाकडाची थरथर दातांतून, हाडांतून कानाच्या आत पोचायची. असे ऐकून तो गायकांची पारख करी. त्याच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी तो वारला.

त्यानंतर पुष्कळ लोकांनी हे काम पुढे नेले. आपल्या आईवडिलांनी कॅसेट पाहिली असेल. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने कमरेला लावून फिरता येईल असा वॉकमन काढला. २००१ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीचा आयपॉड आला. त्यात खळगे नाहीत की फीत नाही, आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला. २००७ साली बोटाने चालणारा आयपॉड टच निघाला. २०२२ साली तोही बंद झाला, कारण तेच काम आता मोबाइल करतो. नळकांडे गेले, तबकडी गेली, तोही गेला. पण आवाज साठवता येतो, हे एडिसनने दाखवलेले मात्र टिकले.

मित्रांनो, आपल्या वर्गात कोणाला कमी ऐकू येत असेल तर त्याला हसू नका. त्याला पुढच्या रांगेत बसू द्या. गुरुजींनाही सांगा. आणि पालकांनो, एखादे पोर अभ्यासात मागे दिसले तर ते बिनडोक आहे असे लगेच ठरवू नका. एडिसनच्या आईने तसे ठरवले नाही.